पस्तिसाव्या टेकच्या आधी

प्रश्न विचारणाऱ्या अभिनेत्याने आपली परिस्थिती मोजक्या शब्दांत मांडली आहे, ती आधी इथे देते, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यालाही पुढच्या उत्तराचा अर्थ लागेल. ते सहा-सात वर्षे रंगभूमीवर काम करत आहेत. गेल्या दीड वर्षात त्यांनी चाळीसच्या आसपास सेल्फ टेप, म्हणजे ऑडिशनसाठी घरीच स्वतः केलेले व्हिडिओ, पाठवल्या आणि त्यांतून दोनदा कॉलबॅक, म्हणजे पुढच्या फेरीचे बोलावणे, आला. प्रत्येक टेपमागे तीन-चार तास जातात, तोच प्रवेश पुन्हा पुन्हा चित्रित करत तीस-पस्तीस टेक होतात, आणि शेवटी जो टेक पाठवला जातो तो त्यांना स्वतःलाही फारसा आवडलेला नसतो. आता चांगला कॅमेरा आणि आणखी एक लाइट घ्यावा का, बोलताना डोळे नेमके कुठे ठेवावेत, आणि टेप पाठवल्यावर काहीच उत्तर आले नाही तर विचारणा करावी का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी गेली दहाएक वर्षे कास्टिंगच्या कामात आहे. आलेल्या टेप पहिल्या फेरीत पाहून त्यांतल्या कोणत्या दिग्दर्शकापर्यंत न्यायच्या हे ठरवणे आणि समोरासमोरच्या ऑडिशनमध्ये कलाकाराला क्यू, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्ये, देणे ही माझी रोजची कामे. त्याआधी काही वर्षे मी स्वतः अशाच टेप पाठवत होते आणि त्यांतल्या बऱ्याचशा वाईट होत्या, हेही सांगून टाकते. या दोन्ही बाजूंच्या अनुभवावरून मला वाटते, की प्रश्नाच्या ओघात तुम्ही जाता जाता जे सांगून गेलात तेच मूळ दुखणे आहे: तीस-पस्तीस टेक. कॅमेरा बदलल्याने ते बरे होणार नाही. नव्या कॅमेऱ्याच्या हौसेपायी टेक पन्नासवर जाण्याची शक्यता मात्र आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधी बाजूला काढायला हव्यात. चाळिसात दोन कॉलबॅक हा आकडा एकट्याने फारसे काही सांगत नाही. ज्या भूमिकेसाठी तुम्ही टेप पाठवली तिच्या भावाचे काम आधीच कुणाला दिलेले असेल आणि तुमची चेहरेपट्टी त्याच्याशी जुळत नसेल, तर टेप कितीही चांगली असली तरी पुढे जात नाही आणि ते कारण तुमच्यापर्यंत कधी पोहोचतही नाही. उंची, वय, तारखा, अगदी आवाजाचा पोत अशा कारणांनी मी स्वतः मनापासून आवडलेल्या टेप बाजूला ठेवलेल्या आहेत. शिवाय जाहिरातीच्या टेपकडून असलेली अपेक्षा वेगळी असते. तिथे पुष्कळदा थेट लेन्समध्ये पाहायचे असते, फ्रेम मोकळी लागते आणि संवाद नसतोच. आणि सोबत आलेल्या सूचनांत जे लिहिले असेल ते माझ्या या साऱ्या उत्तरापेक्षा वरचढ समजावे. त्यांनी उभी फ्रेम मागितली असेल तर ती उभीच द्यावी, तिथे आपले मत चालवू नये. मी पुढे जे लिहिते आहे ते संवाद असलेल्या, कथेतल्या प्रवेशाच्या टेपबद्दल आहे, कारण तुमचे बहुतेक प्रयत्न त्याच प्रकारचे दिसतात.

साहित्याचा प्रश्न आधी निकालात काढू. गेल्या काही वर्षांतला बरा फोन, तो स्थिर धरणारा स्टँड, एक खिडकी किंवा मऊ प्रकाश देणारा एक लाइट आणि कपड्याला लावायचा छोटा माइक एवढ्यावर टेपचे काम भागते. चित्र किंचित धूसर असलेली टेप मी शेवटपर्यंत पाहते. शब्द कळत नसलेली टेप मात्र पहिल्या अर्ध्या मिनिटातच माझ्या हातून बंद होते. म्हणून खर्च करायचाच असेल तर तो आधी आवाजावर करावा. बोलणाऱ्यापासून माइकचे अंतर दुप्पट केले, की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, पण भिंतींवरून परतणारा आवाज खोलीभर जवळपास तेवढाच राहतो. फोन सहा फुटांवर असेल तर त्याच्या माइकला तुमच्यापेक्षा खोलीच जास्त ऐकू येते आणि टेप न्हाणीघरात केल्यासारखी वाटते. तोंडापासून वीतभर अंतरावर छातीवर लावलेला माइक हा प्रश्न मुळातच मिटवतो. तो नसेल तर गाद्या, रजया, जाड पडदे असे जे काही घरात असेल ते कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला उभे करावे, कारण तुमचा आवाज आधी तिकडे जाऊन आपटतो. पुष्कळ लोक पाठीमागची भिंत मऊ करतात आणि समोरची तशीच उघडी ठेवतात. पंखा बंद करावा. फ्रिजही बंद करावा आणि घराची किल्ली त्याच्या आत ठेवावी, म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. ही युक्ती ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची आहे आणि मला ती एका रात्रीत नासलेल्या अन्नानंतर शिकावी लागली.

प्रकाशाचे मुख्य पथ्य असे, की दोन रंगांचे प्रकाश चेहऱ्यावर मिसळू देऊ नयेत. दिवसाचा प्रकाश साधारण ५६०० केल्व्हिनचा म्हणजे निळसर असतो आणि घरातले पिवळे दिवे ३००० केल्व्हिनच्या आसपास असतात. फोन दोघांनाही एकाच वेळी पांढरे मानू शकत नाही, त्यामुळे एक गाल निळा आणि दुसरा पिवळा दिसतो. खिडकी वापरायची तर दिवे बंद करावेत, दिवे वापरायचे तर पडदा ओढावा. दिव्यांखाली चित्रीकरण करताना फोनच्या पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसत असतील, तर तो विजेच्या वारंवारतेचा परिणाम असतो. जिथे वीज ५० हर्ट्‌झची आहे तिथे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रे, आणि शटर (प्रत्येक चित्राला उजेड मिळतो तो वेळ) १/५० सेकंद ठेवावे; जिथे ६० हर्ट्‌झची आहे तिथे ३० फ्रेम आणि १/६०. फोनमध्ये शटर हाताने ठरवता येत नसेल तर तशी सोय देणारे ॲप मिळते. फोकस आणि उजेड मात्र पडद्यावर आपल्या चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरून पक्के करून घ्यावेत, नाहीतर तुम्ही हात हलवला की चेहरा उजळतो आणि अंधारतो, आणि पाहणाऱ्याचे लक्ष तिथेच जाते.

लेन्सबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. फोन दोन फुटांवर ठेवून टेप केली, की नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. हा दोष लेन्सचा नसून अंतराचा असतो. फोन पाच-सहा फूट मागे न्यावा आणि त्याला दुप्पट मोठे दाखवणारी वेगळी लेन्स असेल तर ती वापरावी. नसेल तर ४के मध्ये, म्हणजे जास्त बारकावे टिपणाऱ्या दर्जात, चित्रीकरण करून नंतर मधला भाग कापून १०८० चे, म्हणजे नेहमीच्या एचडी दर्जाचे, चित्र करावे, त्यात स्पष्टता कमी होत नाही. समोरचा, म्हणजे सेल्फीचा कॅमेरा मात्र वापरूच नये. मागच्या कॅमेऱ्याचे चित्र सहसा सरस असते हे एक कारण झालेच, पण माझे खरे कारण वेगळे आहे आणि त्याकडे पुढे येतेच.

आता फ्रेम आणि डोळे. संवादाच्या प्रवेशाला छातीपासून डोक्याच्या किंचित वरपर्यंतची आडवी फ्रेम ठेवावी आणि लेन्स तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असावी. तुम्ही ज्याच्याशी बोलता त्या व्यक्तीचे डोळे लेन्सच्या अगदी कडेला, वीतभरापेक्षा जास्त लांब नाहीत, अशा जागी आणि त्याच उंचीवर असायला हवेत. रीडर, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्ये देणारा माणूस, खुर्चीत बसला आणि तुम्ही उभे असाल तर संपूर्ण टेपभर तुमच्या पापण्या खाली झुकलेल्या राहतात आणि मला डोळेच दिसत नाहीत. ही चूक मी आठवड्यातून अनेकदा पाहते. रीडर फार बाजूला उभा असेल तर तुमचे प्रोफाइल, म्हणजे चेहऱ्याची एकच बाजू, दिसते आणि तुम्ही कोणाशी तरी बोलत आहात हे मला दुरून, दाराच्या फटीतून पाहिल्यासारखे दिसते. प्रवेशात तीन माणसे असतील तर एकाला लेन्सच्या डाव्या कडेला आणि दुसऱ्याला उजव्या कडेला ठेवावे, पण दोन्ही लेन्सलगतच. दुसऱ्या माणसाला खोलीच्या टोकाला नेले, की टेनिसचा सामना पाहणाऱ्यासारखी मान फिरू लागते.

तुम्ही रंगभूमीवरचे आहात म्हणून इथे थोडे थांबते. नाटकात आपण शेवटच्या रांगेला हिशेबात धरून बोलतो. तो हिशेब अंगात इतका मुरलेला असतो, की आवाज खाली आणला तरी शरीर मागच्या रांगेकडेच तोंड करून उभे राहते: हनुवटी किंचित वर, छाती पुढे, नजर समोरच्या माणसाच्या डोक्यावरून पलीकडे. टेपमध्ये शेवटची रांग नसते, लेन्सलगत एकच माणूस असतो. नाटकातल्या कलाकारांना ‘कमी करा’ असे सांगितले जाते, ते मला पटत नाही, कारण ‘कमी’ करायला गेले की माणूस जे उरते तेही आतून बंद करतो आणि टेप थंड पडते. त्याऐवजी मी अंतर बदलायला सांगते. जेवढ्या अंतरावर रीडर उभा आहे तेवढ्याच अंतरासाठी बोला, आणि त्याला खरेच काहीतरी पटवायचे आहे असे बोला. तीव्रता तुमच्याजवळ आहे तेवढी सगळी राहू द्या.

त्यासाठी रीडर लागतो. समोर जिवंत माणूस हवा, आणि तो शक्यतो तुमच्यावर रागावलेला नसावा, म्हणजे पंचविसाव्या टेकला घरातल्या माणसाला उभे करू नये. रीडरचा आवाज तुमच्यापेक्षा थोडा खालचा असावा. तो बहुधा कॅमेऱ्यालगत असतो, त्यामुळे फोनच्या माइकने टेप केली तर तोच मोठा ऐकू येतो आणि टेप त्याची होऊन बसते. त्याने अभिनय करण्याची गरज नाही, पण वाक्यांचा अर्थ समजून, योग्य वेगाने आणि तुमच्या डोळ्यांत पाहून ती द्यायला हवीत. कागदात डोके घालून वाचणारा रीडर असेल तर तुम्हाला ऐकण्यासारखे काही मिळत नाही. त्याला एवढे जरूर सांगावे, की तुमच्या वाक्याचा शेवटचा शब्द पूर्ण झाल्याशिवाय त्याने सुरुवात करू नये. माणूस मिळालाच नाही तर व्हिडिओ कॉलवर मित्राला घ्यावे आणि त्याचा चेहरा दाखवणारा लॅपटॉप लेन्सलगत, डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. कॉलला किंचित उशीर लागतो, त्यामुळे प्रवेश जरा सुस्त होतो, पण आधीच मुद्रित केलेल्या आवाजाला उत्तर देण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. मुद्रित आवाज तुमच्यासाठी कधीच थांबत नाही, आणि हे माहीत असल्यामुळे तुम्हीही त्याचे ऐकत नाही, फक्त आपली वेळ कधी येते हे मोजत राहता.

टेकच्या संख्येकडे आता येते. तुम्ही लिहिलेले नाही, पण मी पैजेवर सांगते, की प्रत्येक टेकनंतर तुम्ही तो पाहता. मीही पाहत असे. पहिल्या टेकमध्ये एका वाक्यावर भुवई वर गेली हे दिसते, म्हणून दुसऱ्या टेकमध्ये भुवई सांभाळली जाते. तिसऱ्यात हात जास्त हलले म्हणून चौथ्यात हात बांधले जातात. दहाव्या टेकला तुम्ही समोरच्या माणसाशी बोलत नसता, तुम्ही भुवई, हात आणि तिसऱ्या वाक्यानंतरचा पॉज यांची उजळणी करत असता. कलाकार आणि परीक्षक ही दोन्ही कामे एकाच अंगात आलटून पालटून चालली, की परीक्षक टेकच्या मध्येही जागाच राहतो. सेल्फीचा कॅमेरा वापरू नये असे मी म्हटले ते यासाठीच. तो तर टेक चालू असतानाच तुम्हाला तुमच्यासमोर धरतो, आणि कितीही निश्चय केला तरी डोळे एकदा तरी तिकडे वळतात.

मी कलाकारांना जी शिस्त लावते ती अशी. सुरुवातीला दहा सेकंदांचा चाचणी तुकडा घेऊन फ्रेम, फोकस, उजेड आणि आवाज हेडफोन लावून तपासावा. एकदा ते ठीक झाले, की त्यानंतर चार टेक होईपर्यंत काहीही पाहायचे नाही. दोन टेकच्या मध्ये फोनला हात न लावता रीडरशी बोलावे: या माणसाला मी नेमके काय मागतो आहे, त्याने नाही म्हटले तर माझे काय जाते. प्रत्येक टेकला या उत्तरात एक खरा बदल करावा. पहिल्यात समजूत घालण्याचा प्रयत्न असेल तर तिसऱ्यात धमकी असू द्यावी. चार टेक झाले, की अर्धा तास दुसरे काही करावे आणि मग एकदाच पाहायला बसावे. वाक्य अडखळले, शेजाऱ्याचा कुत्रा भुंकला किंवा रीडर हसला तर तो टेक मोजू नये, एवढी सवलत आहे. पण ‘अजून एक बरा येईल’ म्हणून पाचवा घेऊ नये. तुमच्यासारख्या अनुभवी माणसाचा सर्वांत जिवंत टेक बहुधा दुसरा किंवा तिसरा असतो, आणि तुमच्या एका टेपचे सगळे पस्तीस टेक माझ्यासमोर आले तर मी तिथेच शोधायला सुरुवात करीन.

पाहायला बसल्यावरही एक पद्धत आहे. टेक आवाज बंद करून लावा आणि आपण बोलतो ते भाग सोडून फक्त रीडर बोलत असतानाचे भाग पाहा. त्या क्षणांत तुमचा चेहरा काय करतो? एक साधा प्रवेश घेऊ. बहीण घर विकण्याचे कागद टेबलावर ठेवून भावाला म्हणते, “कागद ठेवलेत. सही कर आणि जा.” भाऊ म्हणतो, “आईनं विचारलं होतं तुझ्याबद्दल.” ती म्हणते, “पेन हवंय का?” या प्रवेशात बहिणीची भूमिका करणाऱ्या शंभरांतल्या नव्याण्णव टेपमध्ये ‘पेन हवंय का’ हे वाक्य कसे उपरोधाने म्हणायचे यावर मेहनत घेतलेली असते. मला मात्र त्याच्या आधीचे दीड सेकंद पाहायचे असतात, जेव्हा ‘आई’ हा शब्द तिच्या कानावर पडतो. बहुतेक टेपमध्ये त्या दीड सेकंदांत काहीच नसते. चेहरा विनम्रपणे आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो. एकदा अशाच एका प्रवेशाच्या टेपमध्ये एका अभिनेत्रीने तो शब्द ऐकताच कागद टेबलावर जरासा सरळ केला, कडेला समांतर, अगदी बोटभर, आणि मग पेनचे विचारले. तिचा आवाज सपाट होता, मागची भिंत डागाळलेली होती आणि उजेडही बेताचाच होता. ती टेप मी त्याच दिवशी पुढे पाठवली. कागद सरकवणे ही युक्ती म्हणून तुम्ही उचलू नका; तिने ते ठरवून केले असेल असे मला वाटत नाही. तिने वाक्य ऐकले होते आणि हाताला कुठेतरी जायचे होते.

ऐकण्यासाठी पाठांतर पक्के हवे, हे तुम्हाला सांगायला नको. फक्त पाठ करताना संवाद कोणत्याही सुरात बसवू नयेत. झाडू मारताना, भांडी घासताना, जिना चढताना, भराभर, कोणताही भाव न घालता म्हणून पाहावेत; हात दुसऱ्या कामात गुंतलेले असताना वाक्य न अडखळता आले, की ते पाठ झाले असे समजावे. वेळ फारच कमी मिळाला असेल तर कागद हातात, फ्रेमच्या खालच्या कडेला ठेवला तरी माझी हरकत नसते, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक कास्टिंगवाल्यांचीही नसते. मात्र वाक्याची सुरुवात आणि शेवट डोळे वर ठेवून व्हावा. कॅमेऱ्यामागे भिंतीला चिकटवलेला कागद मात्र टाळा. वाचणारे डोळे डावीकडून उजवीकडे बारीक झटके घेत सरकतात आणि मोठ्या पडद्यावर ते लगेच ओळखू येते.

सुरुवात आणि शेवट यांवर थोडे जास्त कष्ट घ्यावेत असे मला वाटते, कारण एका दिवसात शंभर टेप पाहायच्या असतात तेव्हा पहिल्या पंधरा सेकंदांत माझे मत झुकू लागते. पुष्कळ टेप अशा सुरू होतात: कलाकार फोनचे बटण दाबून मागे येतो, घसा खाकरतो, मान झटकतो, मग ‘भूमिकेत शिरतो’. हे सारे कापून टाकावे. पहिल्या वाक्याच्या आधी दोन-तीन सेकंद तुम्ही आधीच कशाच्या तरी मध्यावर असायला हवे. रीडरला मूळ संहितेत नसलेले आधीचे एखादे वाक्य द्यायला सांगावे, त्यावर तुमची प्रतिक्रिया येऊ द्यावी आणि संपादन करताना त्याचे वाक्य कापावे. पहिली फ्रेम तुमच्या प्रतिक्रियेची राहते. शेवटचे वाक्य झाल्यावरही भूमिकेचे बेअरिंग लगेच सोडू नये. तीन सेकंद रीडरकडेच पाहत राहावे, कारण वाक्य त्याला लागले की नाही हे तुम्हालाही अजून कळायचे असते.

कपडे भूमिकेकडे बोट दाखवतील एवढेच असावेत. पोलिसाच्या भूमिकेला इस्त्रीचा साधा शर्ट पुरतो, गणवेश नको. बारीक रेघा आणि बारीक चौकडी कॅमेऱ्यात लहरतात, शुभ्र पांढरा रंग फार उजळून भगभगीत दिसतो, आणि भिंतीच्याच रंगाचा शर्ट घातला तर नुसते डोके तरंगताना दिसते. हातात असू शकणारी वस्तू, म्हणजे फोन, कप, कागद, खरीच घ्यावी. दार उघडणे, गाडी चालवणे, बंदूक रोखणे यांचा मूकाभिनय करू नये. नजरेने आणि श्वासाने ते पुरेसे कळते. मारामारी किंवा मिठी असेल तर तो क्षण डोळ्यांत घेऊन पुढे जावे, कारण खरोखर पडूनझडून दाखवावे अशी अपेक्षा टेपकडून कुणीही समंजस माणूस करत नाही.

परिचयाचा भाग, ज्याला स्लेट किंवा इंट्रो म्हणतात, तो सूचनांत मागितलेल्या क्रमाने द्यावा आणि सूचना नसेल तर प्रवेशानंतर जोडावा. नाव, उंची, कोणत्या तारखांना मोकळे आहात, दोन्ही बाजूंची प्रोफाइल आणि एकदा डोक्यापासून पायापर्यंत दिसेल अशी पूर्ण फ्रेम. इथे लेन्समध्ये पाहावे आणि साधे, स्वतःसारखे बोलावे. हा भाग लोक घाईने उरकतात, पण रडण्याच्या प्रवेशानंतर हा माणूस सेटवर दिवसभर कसा वागेल याचा अंदाज मला त्यातूनच येतो.

फाइलच्या बाबतीत ज्या चुकांमुळे चांगल्या टेप वाया जातात त्या सांगते. चॅटवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाऊन चित्र खराब होते. तीच डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर मूळ दर्जात पोहोचते. ड्राइव्हची लिंक पाठवताना ती कुणालाही उघडता येईल अशी परवानगी दिली आहे का हे स्वतःच्या खात्यातून बाहेर पडून तपासावे. परवानगी मागणारी लिंक मी एकदा परत विचारते, दुसऱ्यांदा नाही. नव्या फोनमधले एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त फरक टिपणारी सोय) बंद ठेवावे, नाहीतर ज्या संगणकावर आम्ही पाहतो तिथे चेहरा फिका किंवा भगभगीत दिसू शकतो. आयफोनमध्ये फॉरमॅट ‘मोस्ट कम्पॅटिबल’ ठेवला, की फाइल जुन्या यंत्रावरही उघडते. १०८० चे चित्र पुरेसे आहे. फाइलच्या नावात तुमचे नाव आणि भूमिकेचे नाव असावे, कारण ‘फायनल २’ नावाच्या फाइल माझ्याकडे एका वेळी सात-आठ असतात. संगीत, शीर्षके, हळू होत जाणारी दृश्ये यांतले काहीही घालू नये.

वेळेबद्दलही बोलायला हवे, कारण आज रात्री दहा पाने पाठवून उद्या दुपारी टेप मागणारे लोक आहेत आणि तुम्ही चार तास घालवता ते अंशतः त्या धास्तीने. हा त्रास तुमच्या एकट्याचा नाही. अमेरिकेत २०२३ साली सॅग-आफ्ट्रा या कलाकारांच्या संघटनेने ११८ दिवसांचा संप केला, तेव्हा सेल्फ टेपच्या अटी हाही मागण्यांतला एक मुद्दा होता, आणि नंतरच्या करारात पहिल्या फेरीसाठी जास्तीत जास्त ८ पाने आणि सुट्टीचे दिवस वगळून किमान ४८ तास अशा मर्यादा आल्या. जिथे असा करार नाही तिथे नम्रपणे एक दिवस जास्त मागायला हरकत नसते. मागितला म्हणून मी कुणाला यादीतून काढलेले नाही. मिळाला नाही, तर पानांतला एकच प्रवेश नीट करावा आणि तसे कळवावे.

हे सारे एका टेपच्या हिशेबात मांडले तर असे होते: वाचन, विचार आणि पाठांतराला दीड तास, मांडणीला वीस मिनिटे, चित्रीकरणाला अर्धा तास, मग विश्रांती, आणि पाहून, कापून, पाठवायला चाळीस मिनिटे. मांडणी वीस मिनिटांतच व्हावी यासाठी स्टँडच्या पायांच्या, रीडरच्या आणि तुमच्या पायांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवा आणि पडदा, लाइट, माइक यांच्या जागाही कागदावर लिहून ठेवा. दर वेळी नव्याने शोध लावण्यात जो उत्साह संपतो तो प्रवेशाला लागतो.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. टेप मिळाल्याची पोच आली नसेल तर दोन दिवसांनी एका ओळीत, ‘फाइल उघडली का’ एवढेच विचारावे, कारण ती खरोखरच अडकलेली असू शकते. पोच आली असेल तर निकालाबद्दल विचारू नये; निवड झाली असती तर त्यांनीच कळवले असते, आणि तो निरोप देणाऱ्या माणसाला पुष्कळदा स्वतःलाही काही ठाऊक नसते. याला अपवाद एकच: त्याच तारखांना दुसरे काम तुमच्याकडे आले असेल तर ते जरूर कळवावे. आणि टेप पाठवल्यावर ती फोनमधून काढून टाकून एखाद्या डिस्कवर ठेवावी. तुमच्या आधीच्या चाळिसांपैकी कोणत्याही तीन टेप आज रात्री आवाज बंद करून पाहा, फक्त रीडर बोलतो ते भाग, आणि काय दिसले ते इथेच लिहा. मग पुढचे नेमके बोलता येईल.